ताश हौली : खीवाच्या खानाचा वाडा आणि तो उभारणारे हात



खीवाचा खान अल्लाकुली याने १८३० च्या सुमारास नवा राजवाडा बांधायला काढला आणि मुख्य कारागिराला दोन वर्षांची मुदत दिली. या कारागिराचे नाव उस्ता नूर मुहम्मद ताजीखान. खीवात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत अशी, की एवढे काम दोन वर्षांत होणार नाही असे त्याने स्पष्टपणे सांगितले आणि त्यापायी त्याला प्राणाला मुकावे लागले. पुढचे काम उस्ता कलंदर खीवाकी याच्याकडे आले. वाडा पुरा व्हायला १८३८ साल उजाडले. नूर मुहम्मदचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता.

तो वाडा म्हणजे ताश हौली. आजच्या उझबेकिस्तानच्या पश्चिम भागात, खीवा शहराच्या जुन्या तटाच्या आत तो उभा आहे, आणि तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मध्य आशियातला राजवाडा म्हटले की जाणकारांना आधी तैमूर आठवतो, आणि ते बरोबरही आहे. शहरिसब्झला तैमूरने १३८० मध्ये आक-सराय बांधायला घेतला. स्पेनमधल्या कास्तिलच्या राजाचा वकील क्लाविहो १४०४ मध्ये तिथे पोचला, तेव्हा काम सुरू होऊन वीस वर्षे उलटली होती आणि तरीही कारागीर रोज राबत होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकात हा राजवाडा जमीनदोस्त झाला. आज उरले आहेत ते प्रवेशद्वाराचे दोन बुरूज, सुमारे ३८ मीटर उंचीचे. मधली कमान कधीच कोसळली. बुरुजांवरच्या रंगीत फरश्यांत मुहम्मद युसुफ तब्रीझी या कारागिराची सही आहे.

आक-सरायच्या त्या दोन बुरुजांपुढे माणूस दिपून जातो. पण दारामागे तैमूरचे घर कसे होते, बायका कुठे राहत, उन्हाळ्यात वारा कुठून येई, हे आता क्लाविहोच्या वर्णनावरूनच जाणायचे. ताश हौली त्या मानाने वयाने लहान आणि उंचीने बेताची, पण ती सबंध उरली आहे. चौक, ओसऱ्या, बोळ, जनानखाना, न्यायाची जागा, सगळे जागच्या जागी आहे. राजाची ऐट दारावरून कळते, पण राजा राहायचा कसा हे कळायला घर लागते. म्हणून आक-सराय बाजूला ठेवून ताश हौली निवडली.

आधी मुलूख पाहू. अमू दर्या नदी अरल समुद्राकडे जाताना काराकुम आणि किझिलकुम या दोन वाळवंटांमधून वाहते. तिच्या शेवटच्या टप्प्यात गाळाची सपाट, सुपीक जमीन आहे. हा ख्वारझम. आपल्याकडे ज्याला अल्बेरूनी म्हणतात, तो भारतावर ग्रंथ लिहिणारा पंडित ९७३ मध्ये इथेच जन्मला. इथली शेती कालव्यांवर चालते. नदीने पात्र बदलले की शहर उजाड होते आणि माणसे दुसरीकडे वस्ती करतात. जुनी राजधानी ऊर्गेंच तैमूरने १३८८ मध्ये उद्ध्वस्त केली. त्याआधीच्या स्वारीनंतर ख्वारझमचे कारागीर शहरिसब्झला नेले गेले होते, म्हणजे आक-सरायच्या भिंतींत ख्वारझमची कला आहे. पुढे नदीनेही ऊर्गेंचकडे पाठ फिरवली आणि सतराव्या शतकात राजधानी खीवाला आली. १७४० मध्ये इराणच्या नादिरशहाने खीवा जिंकून लुटले. दिल्लीची लूट नुकतीच करून आलेला हाच तो नादिरशहा. त्यामुळे आज खीवात दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या इमारती त्या पडझडीनंतरच्या, विशेषतः १८०४ पासून राज्य करणाऱ्या कुंग्रात घराण्याच्या काळातल्या आहेत. अल्लाकुली खान याच घराण्यातला, कारकीर्द १८२५ ते १८४२.

या मुलखात दगड जवळपास नाही. ताश हौली म्हणजे दगडी वाडा, पण बांधकाम विटांचेच आहे. नदीचा गाळ हाच इथला मुख्य बांधकामाचा माल. कच्च्या विटा, भाजक्या विटा, वरून मातीचा गिलावा आणि जिथे खर्च करायचा तिथे झिलईच्या रंगीत फरश्या. दुरून खीवा पाहिले की सगळे शहर जमिनीच्याच रंगाचे दिसते आणि त्यातून निळेहिरवे घुमट व मिनार तेवढे उठून येतात.

खीवाच्या आतल्या तटबंदी शहराला इचान कला म्हणतात. सुमारे २६ हेक्टरांचा हा आयत, भोवती साधारण १० मीटर उंचीचा मातीचा तट, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. पश्चिम दरवाज्याला लागून कुन्या आर्क, म्हणजे सतराव्या शतकापासूनचा जुना किल्लेवजा राजवाडा. तिथे सिंहासन होते, टांकसाळ होती, तुरुंग होता. अल्लाकुलीला राहायला तो पुरेसा वाटला नाही. त्याने नवा वाडा शहराच्या नेमक्या विरुद्ध टोकाला, पूर्वेच्या पालवान दरवाज्याजवळ बांधला. त्याच भागात त्याने मदरसा उभारला, व्यापाऱ्यांसाठी कारवाँसराय बांधली आणि तिला जोडून छप्पर असलेली बाजारपेठ. या सगळ्या इमारती एकमेकींना खेटून आहेत. खानाचे घर आणि व्यापाऱ्याची वखार यांत एका गल्लीचेच अंतर राहावे ही आखणी सहज झालेली नाही. खीवाची कमाई कालव्याच्या पाण्यावर जितकी होती तितकीच काफिल्यांवर होती, आणि खानाला ती डोळ्यांसमोर हवी होती.

त्या कमाईतला एक मोठा भाग माणसांच्या विक्रीचा होता.

पालवान दरवाजा हा नुसता दरवाजा नाही. तो लांब, घुमटांनी झाकलेला बोगदा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोनाडे आहेत. गुलामांचा बाजार याच दरवाज्यापाशी भरे. तुर्कमेन टोळ्या इराणच्या खोरासानवर धाडी घालत, गावेच्या गावे बांधून आणत आणि खीवा-बुखाऱ्याच्या बाजारात विकत. कास्पियनवर मासेमारी करणारे आणि सरहद्दीवरच्या वस्त्यांतले रशियनही त्यांत असत, पण बहुसंख्य गुलाम इराणी. कालवे उकरणे, दर वर्षी त्यांतला गाळ उपसणे, शेती, विटा पाडणे, बांधकामावर माती वाहणे ही कष्टाची कामे त्यांच्या वाट्याला येत. ताश हौलीच्या बांधकामावर हजाराच्या वर गुलाम होते असे सांगतात. आकडा कमीजास्त असेल, पण भाजक्या विटांचा हा डोंगर कोणाच्या पाठीवरून आला याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. राजवाड्यांच्या इतिहासात हा भाग एका ओळीत उरकण्याची पद्धत पडली आहे. ती पद्धत सोडायला हवी. ताश हौलीचे सौंदर्य खरे आहे आणि तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर माणसे विकली जात होती हेही तितकेच खरे आहे. दोन्ही एकाच खजिन्यातून आलेले आहे.

आता वाड्यात जाऊ. बाहेरून ताश हौली फारसे काही दाखवत नाही. उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या विटांच्या भिंती आणि कोपऱ्यांवर बुरूजवजा उठाव. सगळा थाट आत, उघड्या चौकांभोवती. मोठे चौक तीन, शिवाय लहान अंगणे, आणि एकंदर खोल्या दीडशेहून अधिक. चौकांना जोडणारे बोळ अंधारे, अरुंद आणि वळणाचे आहेत. बोळातून चौकात पाऊल टाकताच उजेड आणि निळा रंग एकदम अंगावर येतो. कारागिरांनी हा परिणाम जाणून साधला आहे, कारण वाड्यात तो पुन्हापुन्हा येतो.

सर्वांत आधी बांधला गेला उत्तरेकडचा जनानखाना, १८३० ते १८३२ या काळात. दोन वर्षांच्या मुदतीत एवढाच भाग झाला. हा चौक लांबट आहे. त्याच्या दक्षिण बाजूला पाच उंच ऐवान ओळीने उभे आहेत. ऐवान म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने चौकाकडे उघडी अशी उंच ओसरी. इथे प्रत्येक ऐवानाचा सगळा भार एका सडपातळ लाकडी खांबावर तोललेला दिसतो. पाचांतला सर्वांत भव्य ऐवान खानाचा, उरलेले चार त्याच्या चार विवाहित बायकांचे. प्रत्येकीच्या ऐवानामागे तिच्या राहण्याच्या खोल्या. समोरच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला दुमजली खोल्यांची रांग. तिथे नात्यातल्या बायका, दासी आणि रखेल्या राहत. बाहेरच्या जगाकडे उघडणारी खिडकी एकीलाही नाही. खानाच्या दालनांतून जनानखान्यात यायला वेगळा आतला बोळ होता, म्हणजे खान कधी आला, कुणाकडे गेला, हे दरबारातल्या कुणाला कळण्याचे कारण नव्हते.

ऐवान दक्षिणेला का, या प्रश्नाचे उत्तर ख्वारझमच्या हवेत आहे. उन्हाळा इथे कडक असतो आणि दिलासा देणारा वारा उत्तरेकडून येतो. म्हणून मोठा ऐवान चौकाच्या दक्षिण कडेला बांधायचा आणि त्याचे तोंड उत्तरेला ठेवायचे. ऊन आत येत नाही. घराच्या छपरांवरून येणारा वारा उंच ऐवानाच्या पोटात अडतो आणि खाली चौकात उतरतो. सामान्य शेतकऱ्याच्या घरातही हीच युक्ती आहे. तिथे उत्तरेकडे तोंड केलेला उंच ऐवान आणि त्याच्यासमोर दक्षिणाभिमुख ठेंगणा ऐवान अशी जोडी असते. खानाच्या कारागिरांनी नवा शोध लावला नाही. गावच्या घरातले शहाणपण त्यांनी राजाच्या मापात बसवले. ताश हौलीचा मोठेपणा यातच आहे असे म्हणावेसे वाटते. तैमूरच्या आक-सरायची मापे माणसाला लहान करण्यासाठी ठरवलेली होती, ताश हौलीतली मापे माणसाने तिथे दुपार काढावी म्हणून ठरवलेली आहेत.

खांबांकडे थोडे थांबून पाहायला हवे. खीवाचा खांब ओळखायला सोपा. वर जाताना तो निमुळता होतो आणि खाली, तळखड्याला टेकण्याच्या थोडे आधी, त्याला नाजूक मान असते. मानेखाली पुन्हा गोल फुगवटा. सबंध खांबावर वेलबुट्टीचे कोरीव काम, इतके बारीक की पृष्ठभागावर सपाट जागा शोधावी लागते. लाकूड बहुतेक करागाच, म्हणजे तिकडच्या एल्म जातीच्या झाडाचे. तळखडा दगडाचा, तोही कोरलेला. दगड दुर्मीळ असूनही इथे तो वापरला जाई, कारण जमिनीतली ओल आणि खार लाकडापर्यंत चढू द्यायचा नाही. खीवाच्याच जुम्मा मशिदीत दोनशेहून अधिक लाकडी खांब आहेत आणि त्यांतले काही हजार वर्षांच्या घरातले आहेत. ताश हौलीच्या सुतारांपुढे हा सगळा पाठ गावातच उभा होता. वर पाहिले की ऐवानांची लाकडी छते दिसतात, त्यांच्यावर रंगवलेली नक्षी भिंतींच्या शांत निळ्यापुढे उष्ण वाटते. तांबडा, पिवळा आणि तपकिरी रंग तिथे मोकळेपणाने वापरले आहेत.

आणि भिंती. ताश हौलीची कीर्ती आहे ती भिंतींवरच्या फरश्यांमुळे. गडद निळा, फिरोजी आणि पांढरा, एवढ्या तीनच रंगांचे जवळजवळ सगळे काम. कोबाल्टने निळा होतो, तांब्याने फिरोजी. तैमूरच्या काळी गाजलेल्या एका पद्धतीत एकेका रंगाची फरशी वेगळी भाजून, तिचे तुकडे छिन्नीने कापून ते जोडत. ते काम अतोनात वेळखाऊ होते. खीवाच्या कारागिरांनी चौकोनी फरशीवरच कुंचल्याने नक्षी काढून, झिलई देऊन ती भाजण्याची पद्धत वापरली. त्यामुळे रेषा कुंचल्याची राहिली. वेली वळतात, एकमेकींखालून निघतात, फुटवे फुटतात, आणि एका फरशीवरची फांदी शेजारच्या फरशीवर न अडखळता पुढे जाते. फलकामागून फलक पाहिले तरी नक्षी तीच ती वाटत नाही. घराणे एकच, पण प्रत्येक फलकाची मांडणी वेगळी.

हे काम अब्दुल्ला या चित्रकाराच्या देखरेखीखाली झाले. लोक त्याला अब्दुल्ला जिन म्हणत, कारण माणसाच्या हातून असे काम होणे शक्य नाही अशी त्यांची समजूत. कुन्या आर्क आणि खीवाचा संत-कवी पहलवान महमूद याची समाधी, या ठिकाणच्या फरश्यांशीही त्याचेच नाव जोडले जाते. खीवाच्या निळ्या रंगाचे आजचे सगळे जागतिक कौतुक हे मुख्यतः या माणसाचे आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींचे कौतुक आहे. पण प्रवासी पुस्तकांत अल्लाकुली खानाचे नाव पहिल्या ओळीत येते आणि अब्दुल्लाचे, आले तर, शेवटी.

भिंतीजवळ जाऊन पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. अनेक फरश्यांच्या चेहऱ्यावर नक्षीच्या मधेच लहानसे आकडे आहेत, अरबी लिपीतले. फरश्यांच्या मधोमध खिळेही दिसतात. सगळा फलक आधी सलग आखायचा, फरशी-फरशीवर क्रमांक घालायचा, भट्टीत घालायचा, आणि भिंतीवर लावणाऱ्याने क्रमांक पाहून ओळी जुळवायच्या. खिळ्याने फरशी भिंतीला धरून राहते. आकडे झाकण्याचा प्रयत्न कुणी केला नाही. चित्र काढणारा, भट्टी सांभाळणारा आणि भिंतीवर चढलेला गडी यांच्यातले हे बोलणे, आणि ते आजही वाचता येते.

दुसरा चौक इश्रत हौली, पाहुण्यांच्या आणि मेजवान्यांच्या कामाचा. तिसरा आर्झ हौली, १८३७-३८ चा, न्यायनिवाड्याचा. प्रजेचे अर्ज इथे खानापुढे येत. या चौकांत विटांचे गोल ओटे आहेत. हिवाळ्यात त्यांच्यावर युर्त उभारायचे, म्हणजे लाकडी जाळीच्या सांगाड्यावर नमदा चढवलेला भटक्या लोकांचा गोल तंबू. खानाजवळ निळ्या फरश्यांचे ऐवान होते, तरी थंडीत त्याला तंबू बरा वाटे. त्यामागे सोय होती, कारण ऐवान हिवाळ्यात निरुपयोगी ठरतो आणि नमद्याच्या तंबूत शेकोटीची ऊब टिकते. पण त्यामागे वंशाची आठवणही होती. हे राजघराणे गवताळ प्रदेशातून आलेले. घरातच तंबूची जागा पक्की बांधून ठेवणारा असा राजवाडा फार ठिकाणी सापडत नाही.

वाडा पुरा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच्यावर दोन साम्राज्यांची नजर पडली. रशियन सेनापती पेरोव्स्की १८३९ च्या हिवाळ्यात सुमारे ५००० सैनिक आणि हजारो उंट घेऊन खीवावर निघाला. रशियन गुलामांची सुटका हे जाहीर कारण होते. बर्फाने त्याला वाटेतच परत फिरवले. तेवढ्यात, जानेवारी १८४० मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातला कॅप्टन जेम्स ॲबट हेरातहून खीवात दाखल झाला. पुढे ज्याच्या नावाने ॲबटाबाद वसले तो हाच. रशियाला चढाईचे निमित्त उरू नये म्हणून रशियन कैदी सोडून द्या, असे खानाला पटवणे हे त्याचे काम. भेटींत अल्लाकुलीने त्याला इंग्लंडच्या राज्याबद्दल अनेक प्रश्न विचारले. तुमच्या गादीवर खरोखरच बाई आहे का, हाही त्यांत होता. ज्याच्या घरातल्या बायकांना बाहेर पाहणारी एक खिडकी नव्हती, त्याला ही बातमी अद्भुत वाटली असणार. ॲबट खानाचा निरोप घेऊन रशियाकडे जाताना कास्पियनजवळ हल्ल्यात जबर जखमी झाला. त्याच्या मागोमाग आलेल्या रिचमंड शेक्सपियर या अधिकाऱ्याने त्याच वर्षी ४१६ रशियन कैदी सोडवून स्वतः रशियाच्या हवाली केले. इराणी गुलामांच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही. त्यांची सुटका व्हायला १८७३ साल यावे लागले. जनरल काउफमानच्या फौजेने त्या वर्षी खीवा घेतले, खान रशियाचा मांडलिक झाला आणि गुलामगिरी कायद्याने संपली.

पुढचा इतिहास भरभर सांगता येतो. फेब्रुवारी १९२० मध्ये शेवटच्या खानाने गादी सोडली आणि वाडे सरकारजमा झाले. सोव्हिएत काळात इचान कला संरक्षित क्षेत्र ठरले, दुरुस्त्या झाल्या, काही चांगल्या, काही फारच चकचकीत. १९९० मध्ये युनेस्कोने इचान कलाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ताश हौली आता संग्रहालय आहे.

तिचा आजचा शत्रू म्हणजे जमिनीतला खार. ख्वारझमभर कालव्यांचे पाणी मुरून भूजल वर आले आहे. ते खारट पाणी विटांमधून चढते, सुकते, मिठाचे स्फटिक विटेचे कण सोडवतात आणि खालच्या ओळींतल्या फरश्या ढिल्या होतात. सुटलेली फरशी जागेवर बसवताना अब्दुल्लाच्या कारखान्यातले आकडे अजून उपयोगी पडतात. हरवलेली फरशी मात्र नव्याने करावी लागते, आणि तिथे कारखान्यात बनलेली झिलई चालत नाही. तिचा निळा सपाट आणि कर्कश येतो. जुनी झिलई वाळवंटातल्या खारट झुडपांच्या राखेपासून करत. तिला इश्कोर म्हणतात. मादिर आणि कत्ताबाग या ख्वारझमच्या गावांतली कुंभार घराणी अजूनही बादिया नावाचे खोल, पाय असलेले वाडगे करतात आणि त्यांवर तोच निळा, तोच फिरोजी चढवतात. ताश हौलीच्या दुरुस्तीचा आराखडा करताना या कुंभारांना सल्लागार म्हणून बोलवावे, त्यांना त्या कामाचा रीतसर मोबदला द्यावा आणि ज्या फलकाची फरशी त्यांनी घडवली त्या फलकाशेजारी त्यांचे नाव लिहावे.